चौकटीवरच्या सात रेघा कशाच्या? अति लघु कथेतील वाचकाचा वाटा

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. अति लघु कथा, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेली 'अलक', या प्रकारावर येथे पूर्वी बरेच लिहिले गेले आहे. बहुतेक वेळा ती चर्चा शब्दसंख्येपाशी किंवा शेवटच्या ओळीतल्या धक्क्यापाशी येऊन थांबते. मला या धाग्यात वाचकाच्या वाट्याविषयी बोलायचे आहे. कादंबरी वाचताना आपण लेखकाच्या मागोमाग चालतो. चार-पाच वाक्यांच्या कथेत मात्र लेखक उंबऱ्यावरच थांबतो आणि पुढचे घर वाचकाला स्वतःच उघडावे लागते. ते घर वाचक कशाच्या आधारावर उघडतो आणि त्यात त्याला जे दिसते ते कथेतले असते की त्याच्या स्वतःच्या आयुष्यातले, हा माझा प्रश्न आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक मजकूर समोर असावा, म्हणून आमच्या वाचनकट्ट्यावर मी वाचलेली माझीच कथा खाली देतो. तिला शीर्षक नाही.

*पूर ओसरल्यावर तिने सगळे घर धुऊन काढले. माजघराच्या चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या सात आडव्या रेघा होत्या. त्यांत बसलेला गाळ तिने काडीने कोरून काढला. पाण्याची रेघ सर्वांत वरच्या रेघेच्या चार बोटे वर होती. तेवढी तिने पुसली नाही.*

कट्ट्यावर या कथेचे दोन अगदी वेगळे अर्थ निघाले आणि दोन्ही बाजूंना आपलाच अर्थ उघड वाटत होता. माझ्या मनात काय होते ते तूर्त सांगत नाही. रेघा कशाच्या आहेत आणि कोणत्या शब्दावरून तुम्हांला तसे वाटते, एवढे दोन्ही कृपया लिहावे.

गावभाग (सांगली)

रेघा पुराच्या आहेत, यात मला क्षणभरही शंका आली नाही. आमच्या जुन्या घरात २००५ च्या पाण्याची खूण जिन्याशेजारी आहे आणि २०१९ ची तिच्या बरीच वर आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आधीच्या सगळ्या खुणा बुडाल्या. कथेतल्या घराने सात पूर पाहिले आहेत आणि हा आठवा सर्वांत मोठा आहे. शेवटचे वाक्य त्यामुळेच जागेवर बसते. ती रेघ तिने पुसली नाही, कारण आता तिथे खिळ्याने आठवी रेघ ओढायची आहे.

कासपठार (सातारा)

गावभाग यांचा प्रतिसाद वाचून मी थक्क झाले. साताऱ्यात आमचे घर चढावर आहे. पाऊस आम्हांला भरपूर ठाऊक आहे, पण घरात शिरलेले पाणी ठाऊक नाही. त्यामुळे पुराच्या खुणा ठेवल्या जातात हे माझ्या मनातही आले नाही. माझ्यासाठी या मुलाच्या उंचीच्या रेघा आहेत. दर वाढदिवसाला मुलाला चौकटीला पाठ लावून उभे करायचे, डोक्यावर पुस्तक आडवे धरायचे आणि रेघ ओढायची, हे आमच्या घरी झाले आहे. सात रेघा म्हणजे सात वर्षे. मग 'पाण्याची रेघ सर्वांत वरच्या रेघेच्या चार बोटे वर' हे वाक्य आले आणि मला पुढे वाचवेना. पाणी मुलाच्या डोक्यावरून गेले, असे कथेत कुठेही म्हटलेले नाही. तरी मी ते वाचले.

मला आधार वाटतो तो 'काडीने कोरून' या शब्दांचा. पुराची नोंद जपणारा माणूस चौकट फडक्याने पुसेल. एकेका रेघेतला गाळ काडीने काढणारा हात मला आईचाच वाटतो.

पलूसकर

कासपठार यांनी लावलेला अर्थ मलाही लागला, परंतु त्यांना तो हळूहळू लागला आणि मला पहिल्या वाक्यालाच लागला होता. २०१९ मध्ये आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. त्यानंतर 'पूर ओसरल्यावर तिने' असे शब्द वाचले की पुढे काय येणार हे आमच्याकडच्या माणसाला कथेने सांगावे लागत नाही. माझ्या दृष्टीने ही कथा मोठी आहे, कारण तिने ते सांगितले नाही. सांगितले असते तर ती बातमी झाली असती, आणि ती बातमी आम्ही वाचलेली आहे.

माणदेश (आटपाडी)

आमच्याकडे पाणी टँकरने येत असे, पुराने नव्हे, त्यामुळे पूर मी वर्तमानपत्रातच पाहिला आहे. मलाही रेघा मुलाच्या उंचीच्याच वाटल्या, पण मूल बुडाले असे मात्र वाटले नाही. खानापूर, विटा, आटपाडी या भागातली किती तरी मुले मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या कामाला बाहेरच्या राज्यांत जातात. सोने-चांदी गाळण्याच्या भट्टीवर मामाच्या नाहीतर चुलत्याच्या हाताखाली राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी जत्रेला येतात. सातवी रेघ ही तो घरातून गेला त्या वर्षाची आहे. त्यानंतर त्याची उंची वाढली ती आईने पाहिली नाही. पाण्याने चार बोटे वर रेघ ओढली तेव्हा तिला वाटले असेल की आता तो एवढा झाला असेल. म्हणून तिने ती पुसली नाही.

कासपठार (सातारा)

माणदेश, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या अर्थात शेवटचे वाक्य फक्त दुःखाचे होते. तुमच्या अर्थात त्याला आशेची बाजू आली. शब्द एकही बदललेला नाही.

स्पष्टबोल (मिरज)

सर्वांच्या भावनांचा आदर राखून थोडे विरोधी लिहितो. एका कथेतून पूर-नोंद, बुडालेले मूल आणि परगावी गेलेला मुलगा असे तीन अर्थ निघत असतील, तर ते कथेचे सामर्थ्य आहे की लेखकाने आपले काम अर्धवट सोडले आहे? वाचकावर सगळे सोपवणे सोपे असते. कोणतीही चार धूसर वाक्ये लिहावीत आणि 'अर्थ तुम्ही लावा' म्हणावे, लोक लावतातच. फॉरवर्ड होत राहणाऱ्या अनेक अलक अशाच असतात आणि त्यांच्यापुढे अमेरिकन लेखक हेमिंग्वे यांच्या नावाने बाळाच्या न वापरलेल्या बुटांची ती सहा शब्दांची जाहिरात दाखला म्हणून ठेवली जाते.

याच सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी रूपककथा लिहिल्या. त्याही लहानच होत्या, परंतु आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी वाचकापर्यंत पोहोचवले. लेखकाने जबाबदारी घेणे म्हणजे हे, असे मी मानतो.

वाईचा घाट

स्पष्टबोल यांचा आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. वाईत प्राज्ञपाठशाळेमुळे संस्कृत शास्त्रांचे वातावरण पूर्वीपासून आहे आणि माझे वाचनही त्या अंगाने झालेले आहे, तेव्हा उदाहरण तिकडचेच घेतो.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, दोन ओळींची एक गाथा आहे. तिचा सरळ अर्थ असा: 'हे धार्मिका, आता निर्धास्त हिंड, ते कुत्रे आज गोदेकाठच्या जाळीत राहणाऱ्या मस्त सिंहाने मारले.' एवढेच. बोलणारे कोण, हे गाथेत नाही. प्रसंगही दिलेला नाही. तरी नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांनी न सांगता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना ही गाथा अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत घेतली, कारण शब्द 'हिंड' म्हणतात आणि अर्थ 'इकडे फिरकू नकोस' असा निघतो. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला कुत्रे मेल्याची बातमी द्यायची आणि त्याच श्वासात सिंहाचा पत्ता सांगायचा, ही ती युक्ती आहे. मग रसिकांनी उरलेले उभे केले: बोलणारी एक स्त्री आहे, ती जाळी तिच्या प्रियकराला भेटण्याची जागा आहे आणि हा भाविक तेथे फुले तोडायला येऊन व्यत्यय आणतो. गाथेत या तिन्हींपैकी काहीही नाही, तरी हे मनमानीने घातलेले आहे असे कोणी म्हणत नाही.

का म्हणत नाही? पुढे महिमभट्ट या काव्यशास्त्रज्ञाने आनंदवर्धनाला विरोध केला आणि ही ध्वनीची करामत नसून निव्वळ अनुमान, म्हणजे तर्क, आहे, असे याच गाथेवर सांगितले. मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रज्ञाने त्याचे खंडन केले. म्हणजे दोन ओळींवर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, पण वादाचा विषय अर्थ कोणत्या वाटेने मिळतो हा होता. अर्थाला शब्दांचा आधार लागतो हे दोन्ही पक्षांना मान्यच होते. वाचक काहीही आणू शकतो, असे आपल्या परंपरेने कधीच म्हटले नाही. आनंदवर्धनाचा टीकाकार अभिनवगुप्त सहृदय, म्हणजे खरा रसिक, कोणाला म्हणतो? काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि त्यामुळे जो वर्ण्य विषयाशी एकरूप होऊ शकतो, त्याला. वाचकाला येथे मोठे स्थान आहे आणि त्याबरोबर मोठी जबाबदारीही आहे.

आता कृष्णाकाठ यांच्या कथेकडे येऊ. कोणी म्हणाले की सात रेघा म्हणजे कोंडलेल्या माणसाने मोजलेले सात दिवस, तर कथा ते मान्य करील का? करणार नाही. रेघा 'आडव्या' आहेत, त्यांत एक 'सर्वांत वरची' आहे आणि पाण्याच्या रेघेशी तिची तुलना 'चार बोटे' अशा मापाने केलेली आहे. हे तिन्ही शब्द एकत्र घेतले की रेघांचा संबंध उंचीशी आहे हे पक्के होते. उंची पाण्याची की मुलाची, एवढेच मोकळे राहते. स्पष्टबोल, धूसर लिहिणे आणि नेमकी एकच जागा मोकळी ठेवणे यांतला फरक मला येथे दिसतो.

स्पष्टबोल (मिरज)

वाईचा घाट, आपला मुद्दा पटण्यासारखा आहे, परंतु एक शंका उरते. प्रत्येक कथेत न सांगितलेल्या गोष्टी अगणित असतात. या कथेत घराचा रंग दिलेला नाही, बाईचे वय नाही, गावाचे नाव नाही. मग रेघांची जागाच तेवढी 'मोकळी ठेवलेली' आणि बाकीच्या नुसत्या राहून गेलेल्या, हे कोण ठरवणार?

वाईचा घाट

ही शंका फार जुनी आणि फार चांगली आहे. पोलिश तत्त्वज्ञ रोमान इनगार्डन याने १९३१ मधल्या आपल्या ग्रंथात नेमके हेच मांडले की साहित्यातली कोणतीही वस्तू पूर्ण वर्णिलेली नसते. तिच्यात अनिश्चित जागा राहतातच. पुढे जर्मनीत वोल्फगांग इझर याने १९७० च्या दशकात त्याला वळण दिले. नुसती अनिश्चित जागा आणि वाचकाला कामाला लावणारी रिकामी जागा यांत त्याने भेद केला. दुसऱ्या प्रकारात मजकुराचे दोन भाग शेजारी ठेवलेले असतात आणि त्यांना जोडणारा दुवा गाळलेला असतो. तो जोडल्याशिवाय वाचकाला पुढे जाता येत नाही.

घराचा रंग या धाग्यावर कोणी विचारला नाही, कारण रंगावाचून कोणाचेच काही अडले नाही. रेघा कशाच्या हे ठरवल्याशिवाय मात्र 'तेवढी तिने पुसली नाही' हे वाक्य कोणालाच ओलांडता आले नाही. जागा कोण ठरवतो, याचे उत्तर माझ्या मते हे आहे: पुढचे वाक्य ठरवते.

खडूफळा (कराड)

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. हा धागा वाचून ही कथा मी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिली. आमच्या मुलांना 'कथेचे तात्पर्य लिहा' या प्रश्नाची इतकी सवय झालेली असते की पहिले दोन हात वर आले ते 'पूर आला तरी खचू नये' आणि 'स्वच्छता राखावी' ही उत्तरे घेऊन. मुलांना मी दोष देत नाही. आम्ही तेच विचारत आलो आहोत. मग तात्पर्य बाजूला ठेवून फक्त एवढे विचारले: रेघा कोणी ओढल्या असतील? वर्ग जागा झाला. नदीकाठच्या मुलांनी पाण्याच्या खुणा सांगितल्या, एका मुलीने भावाच्या उंचीच्या सांगितल्या. एक मुलगा म्हणाला, 'बाई, त्या तिच्या स्वतःच्याच उंचीच्या असतील. ती माहेरी आली असेल घर धुवायला.' हा अर्थ येथे अजून कोणी दिलेला नाही आणि मला तो अतिशय आवडला. लहानपणी ज्या चौकटीला ती उभी राहत होती, तेथवर आता पाणी येऊन गेले आहे. मी त्याला विचारले की कथेत याला विरोध करणारा शब्द आहे का. त्याने पाचही वाक्ये मोठ्याने वाचली आणि 'नाही' म्हणाला. मलाही सापडला नाही.

तात्पर्यावरून एक गोष्ट मांडावीशी वाटते. महानुभाव पंथाच्या दृष्टांतपाठ या ग्रंथात श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टांत आहेत. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आपण सर्वांनी अभ्यासलेला असतो. ग्रंथाची रचना करणाऱ्या केशोबासांनी प्रत्येक दृष्टांताच्या वर मूळ सूत्र, म्हणजे चक्रधरांचे वचन, आणि खाली दार्ष्टांतिक, म्हणजे त्याचा उलगडा, ठेवला. तेथे ते योग्यच होते, कारण दृष्टांत सूत्र समजावण्यासाठीच आला होता. आजच्या पुष्कळ अलकांच्या शेवटच्या ओळीत लेखक स्वतःच दार्ष्टांतिक लिहून मोकळा होतो. वृद्धाश्रमाच्या दारात मुलगा वडिलांना सोडतो आणि शेवटी वडिलांनी त्याला अनाथाश्रमातून आणले होते असे कळते, या धर्तीच्या कथा आपण शेकड्यांनी वाचल्या असतील. त्या डोळ्यांत पाणी आणतात, हे खरे आहे. पण त्या वर्गात वाचून झाल्या की बोलायला काही उरत नाही. पाच मिनिटे शांतता होते आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो.

गावभाग (सांगली)

खडूफळा बाई, तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझी शाबासकी सांगा. माझा अर्थ मी मागे घेत नाही, पण एक मान्य करतो. पुराची खूण लोक बहुधा दर्शनी भिंतीवर किंवा पुढच्या दारापाशी ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. कथेत चौकट माजघराची आहे. तो शब्द माझ्या अर्थाला थोडा टोचतो.

स्पष्टबोल (मिरज)

मी वर जे लिहिले त्यातल्या दोन गोष्टी आता स्वतंत्रपणे पाहतो. पहिली हेमिंग्वे यांची. ती सहा शब्दांची जाहिरात त्यांनीच लिहिली याला पुरावा नाही. तशा आशयाच्या ओळी अमेरिकन वर्तमानपत्रांत ते लेखक होण्यापूर्वीच छापल्या गेल्या होत्या आणि हेमिंग्वे १९६१ मध्ये वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांचे नाव तिला चिकटले. मात्र त्यांनी खरोखर जे लिहिले ते आपल्या चर्चेला जास्त उपयोगी आहे. १९३२ मध्ये त्यांनी हिमनगाचा दाखला देऊन म्हटले की लेखकाला जे पक्के ठाऊक आहे ते त्याने गाळले तरी वाचकाला ते जाणवते. ठाऊकच नाही म्हणून गाळले, तर लेखनात पोकळ जागा राहतात. माझा आक्षेप खरे तर या दुसऱ्या प्रकाराला होता आणि तो कायम आहे.

दुसरी खांडेकरांची. रूपककथेत एका वस्तूमागे एक अर्थ उभा असतो आणि तो सापडला की वाचकाला समाधान मिळते. तो आनंद वेगळ्या जातीचा आहे. तो कमी प्रतीचा आहे असे येथे कोणी म्हटलेले नाही आणि म्हणू नये, एवढीच विनंती.

कृष्णाकाठ यांना माझा थेट प्रश्न आहे. तुम्हांला ठाऊक होते का?

कृष्णाकाठ (सांगली)

होय, ठाऊक होते. पहिल्या खर्ड्यात सहावे वाक्य होते आणि त्यात रेघा कोणाच्या हे नावासकट होते. ते वाक्य असताना बाकीच्या पाच वाक्यांकडे कोणाचे लक्ष जात नव्हते. काडी, गाळ, चार बोटे हे सगळे त्या शेवटच्या नावाकडे जाण्याचा रस्ता होऊन बसले होते. वाक्य काढले तेव्हा हेच शब्द वजनदार झाले. म्हणून 'माजघर' हा शब्दही विचार करून ठेवला आहे आणि गावभाग यांना तो टोचला याचा मला आनंद आहे. त्यांचा अर्थ त्यामुळे बाद होत नाही; आत शिरलेल्या पाण्याची खूण आतही ठेवतात.

सहावे वाक्य येथे देणार नाही. ते दिले तर माणदेश यांचा गलाईला गेलेला मुलगा आणि कराडच्या त्या मुलाची माहेरी आलेली बाई ही दोघेही एका क्षणात चुकीची ठरतील, आणि ती चुकीची नाहीत. ती माझ्या कथेत माझ्या नकळत होती, कारण मी ज्या वस्तू मांडल्या त्या त्यांच्याही घरात होत्या.

लहान कथेचा नेटका दाखला म्हणून मला नेहमी ग्वाटेमालाचे आउगुस्तो मोन्तेरोसो आठवतात. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची एक कथा मूळ स्पॅनिशमध्ये अवघ्या सात शब्दांची आहे: कोणाला तरी जाग येते, तेव्हा डायनासोर अजून तिथेच असतो. त्यात 'अजून' आहे म्हणून कथा आहे. त्या एका शब्दामुळे झोपेच्या आधीचा सगळा काळ वाचकाला रचावा लागतो. आपल्याकडे उर्दू कथाकार मंटोंनी १९४८ मध्ये फाळणीवर जी बत्तीस छोटी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांतली काही दोन-तीन ओळींची आहेत. तिथे वाचकाला रचण्यासारखे फारसे उरत नाही, उलट जे दिसते त्यापासून पळता येत नाही. म्हणजे प्रत्येक अति लघु कथा अर्थ मोकळाच ठेवते असेही नाही, हे नोंदवून ठेवतो.

पलूसकर

एक विनंती आहे. तुमच्या कट्ट्याच्या हस्तलिखितात ही कथा जाणार असेल, तर तिला शीर्षक देऊ नका. 'उंची' किंवा 'खूण' असे काही वर आले की आमचे सगळ्यांचे अर्थ एका रांगेत उभे राहतील.

कृष्णाकाठ (सांगली)

शीर्षक देणार नाही; अनुक्रमणिकेत पहिले तीन शब्द छापू, जसे अभंगांचे करतात. माणदेश यांनी गलाईवर स्वतःची पाच ओळींची कथा मला निरोपातून पाठवली आहे आणि ती येथे मांडायला त्यांची परवानगी आहे. ती रविवारी नव्या धाग्यावर घेऊ. तेथेही अर्थ लिहिताना तो कोणत्या शब्दावर उभा आहे ते प्रत्येकाने दाखवावे, आणि स्पष्टबोल यांनी सुरुवातीलाच आपला आक्षेप मांडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.